दोन वाक्यं, एक पूर्णविराम

इंग्रजीच्या पेपरात ‘जॉइन द सेंटेन्सेस’ असं आलं की आमच्याकडची मुलं एकच रामबाण औषध काढतात : ‘अँड’. कुठल्याही दोन वाक्यांच्या मध्ये लावलं की झालं. बऱ्याचदा मार्कही मिळतात, त्यामुळं सवय सुटत नाही. मी बार्शीत मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे, तरी संध्याकाळी घरात सतरंजी पडतेच. दहावीची मुलं असतात, बँकेच्या परीक्षेला बसणारा एखादा तरुण असतो, आणि अलीकडं दोघी-तिघी आयाही येतात, पोरांचा अभ्यास घरी घेता यावा म्हणून. या सगळ्यांना मी सगळ्यांत जास्त छळते ते कंपाऊंड सेंटेन्सवरून, म्हणजे संयुक्त वाक्यावरून. टेन्स चुकला तर बोलणं अडत नाही, समोरचा सांभाळून घेतो. पण दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यांचा आपसांत काय संबंध ते सांगताच आलं नाही, तर त्याला कोण काय सांभाळून घेणार?

आमच्या गावाचं नाव रेल्वेच्या इतिहासात आहे ते बार्शी लाइटमुळं. १८९७ साली सुरू झालेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही गाडी पुढं मिरजेपासून लातूरपर्यंत धावायची. आता सगळं ब्रॉडगेज झालं, पण म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘लाइट’ अजून आहे. तिच्यावरूनच मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते : ‘द ट्रेन वॉज स्लो.’ ‘द फेअर वॉज लो.’ गाडी हळू होती. भाडं कमी होतं. जोडा म्हणते.

‘अँड’ लावलं की दोन माहित्या शेजारी शेजारी बसतात. सांगणाऱ्याचं त्यांच्याविषयी काही म्हणणं नाही. ‘बट’ लावलं, ‘द ट्रेन वॉज स्लो, बट द फेअर वॉज लो’, की सांगणारा गाडीची बाजू घेतोय : हळू होती खरी, पण परवडायची. आता दोन्ही वाक्यांची अदलाबदल करा. ‘द फेअर वॉज लो, बट द ट्रेन वॉज स्लो.’ शब्द तेच, आणि माणूस तक्रार करायला लागला. ‘बट’नंतर जे येतं त्याचं वजन जास्त, हे व्याकरणाच्या पुस्तकात ठळक अक्षरात छापायला हवं, छापलेलं मला तरी दिसलं नाही. मराठीतही तसंच आहे. ‘मुलगा हुशार आहे, पण आळशी आहे’ आणि ‘मुलगा आळशी आहे, पण हुशार आहे’ यांतलं कुठलं वाक्य पालकसभेत ऐकायला बरं वाटतं, ते आयांना विचारा.

मग ‘सो’. ‘द ट्रेन वॉज स्लो, सो द फेअर वॉज लो.’ इथं सतरंजीवर भांडण होतं. एक मुलगी ठासून म्हणाली, “बाई, हळू होती म्हणून तर स्वस्त ना!” शेजारच्याचं म्हणणं, रेल्वे कंपनी असा हिशेब करत नसते. दोघांचंही इंग्रजी बरोबर होतं. वाद व्याकरणाचा उरलाच नव्हता, कार्यकारणाचा झाला होता. आणि ‘ऑर’ लावून पाहिलं तर वाक्य हसं होतं, कारण एक तर गाडी हळू नाहीतर भाडं कमी, असा काही सौदा तिथं नव्हता. व्याकरण ‘ऑर’ला अडवत नाही, अर्थ अडवतो.

संयुक्त वाक्य ओळखायचं कसं, हे सोपं आहे. मधल्या जोडशब्दावर बोट ठेवा. डावीकडं उरलं ते एकटं उभं राहतं का? उजवीकडं उरलं ते? दोन्हीकडं स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारं स्वतःचं क्रियापद असेल, तर वाक्य संयुक्त. ‘रमेश अँड सुरेश वेन्ट टू पंढरपूर’ यात ‘अँड’ आहे, पण बोट ठेवलं की डावीकडं नुसता रमेश उरतो. कर्ते दोन असले तरी वाक्य साधंच, म्हणजे केवल वाक्य. ‘रमेश वेन्ट टू पंढरपूर अँड केम बॅक’ यात उजवीकडं नुसतं ‘केम बॅक’ राहतं, कर्ता नाही. आजची बरीच पुस्तकं यालाही केवल वाक्यच म्हणतात आणि ‘अँड’च्या आधी कॉमा नको म्हणतात. जुन्या पुस्तकांत दुसरा कर्ता अध्याहृत धरून असं वाक्य संयुक्तात घालायचे, आणि माझ्या पिढीचे बरेच शिक्षक तेच शिकलेत. त्यामुळं शाळेतल्या बाई एक सांगतात, क्लासचे सर दुसरं, आणि पोरगं मध्ये सापडतं. खोटं कुणी बोलत नसतं, पुस्तकं वेगळी असतात. मी आजचं धरते, कारण कॉमाचा प्रश्न त्यानं तिथंच सुटतो : दोन्हीकडं पुरं वाक्य असेल तर जोडशब्दाच्या आधी कॉमा, नसेल तर नाही. वाक्यं आखूड असली की हा कॉमा गाळतात, इंग्लंडातले लेखक तर सर्रास गाळतात. मराठीत आपण ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम सहसा देतच नाही, म्हणून आपल्या मुलांना तो परका वाटतो. आधी द्यायला शिकावं, गाळायचं नंतर आपोआप येतं.

आता खरी अडचण. ती इंग्रजीत नाही, आपल्या मराठीनं करून दिलेल्या सोयीत आहे. ‘सकाळी उठून, तोंड धुऊन, चहा घेऊन, सायकल काढून तो शाळेला गेला.’ कामं पाच झाली, पण पुरं क्रियापद एकच, ‘गेला’. बाकीची सगळी ‘ऊन’वर भागवली. मराठी व्याकरणाच्या हिशेबानं हे एवढं लांबलचक वाक्य केवल वाक्य आहे. ‘ऊन’ला आपण इतके सरावलोय की एका दमात अख्खा दिवस सांगून मोकळे होतो. इंग्रजीत त्याच्या तोडीचं रोजच्या वापरातलं रूप नाही. ‘हॅविंग गॉट अप, हॅविंग वॉश्ड हिज फेस’ असं लिहिलं तर व्याकरण तक्रार करणार नाही, पण कुठलाही जिवंत इंग्रज आपल्या आईला असं सांगणार नाही. तो म्हणेल : ‘ही गॉट अप, वॉश्ड हिज फेस, हॅड टी, टुक आउट हिज बायसिकल अँड लेफ्ट फॉर स्कूल.’ म्हणजे ‘ऊन’वाली सगळी कामं पुऱ्या भूतकाळात आणून, शेवटच्याच्या आधी एक ‘अँड’.

मुलाच्या डोक्यात ‘ऊन’ चालूच असतं. मग वहीत येतं : ‘ही गेटिंग अप, वॉशिंग फेस, टेकिंग टी, वेन्ट स्कूल.’ हे वाचून हसू नये, ते मराठी वाक्याचं अगदी इमानदार इंग्रजी आहे. ‘ऊन’ला त्यानं ‘इंग’ लावलं, एवढंच. त्यातच कर्ते दोन असले की पंचाईत वाढते. ‘पाऊस पडून रस्ता वाहून गेला.’ पडला पाऊस, वाहून गेला रस्ता, तरी मराठी एका क्रियापदात निभावते. इंग्रजीत इथं संयुक्त वाक्य कामाला येतं : ‘इट रेन्ड हेव्हिली, अँड द रोड वॉज वॉश्ड अवे.’ मी मुलांना एकच काम देते. मराठी वाक्यातले सगळे ‘ऊन’ पेन्सिलीनं गोल करा, प्रत्येकाच्या डोक्यावर ते काम कुणी केलं त्याचं नाव लिहा. नावं एकच असतील तर ‘अँड’ आणि एकच कर्ता. नावं बदलली की नवा कर्ता, नवं क्रियापद, मध्ये जोडशब्द. हे जमलं की निम्मं संयुक्त वाक्य आलं.

कर्ता गाळायची सवयही मराठीचीच. ‘दमले होते, म्हणून झोपले’ यात ‘मी’ कुठंच नाही, तरी बाई माणूस बोलतंय हेसुद्धा कळतं. सगळं क्रियापदाच्या शेपटीत आहे. इंग्रजी क्रियापदाला तसली शेपटी नाही. म्हणून ‘आय वॉज टायर्ड, सो स्लेप्ट’ असं लिहिलं की लाल रेघ येते. ‘अँड’ किंवा ‘बट’च्या मागं तोच कर्ता असेल तर गाळता येतो, ‘सो’च्या मागं शिस्तीच्या लिखाणात गाळत नाहीत. ‘आय वॉज टायर्ड, सो आय स्लेप्ट.’ एवढा एक ‘आय’ बँकेच्या परीक्षेत गुण खातो.

आणि जोड्या. मराठीला जोड्यांचा शौक आहे. जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, ज्याअर्थी–त्याअर्थी. एकट्या ‘जरी’नं आपलं समाधान होत नाही, ‘तरी’ आल्याशिवाय वाक्य लटकल्यासारखं वाटतं. म्हणून मूल लिहितं : ‘ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.’ इंग्रजीत हे चालत नाही, कारण दोन जोडशब्द दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. ‘बट’नं जोडलेली वाक्यं बरोबरीची असतात, दोन्ही आपापल्या पायांवर उभी. ‘ऑल्दो’ मात्र आपल्या वाक्याला लगेच दुसऱ्याच्या आधाराला लावतं. ‘ऑल्दो ही इज पुअर’ एवढंच म्हणून थांबता येत नाही. ‘बट’ ठेवलं तर संयुक्त वाक्य, ‘ऑल्दो’ ठेवलं तर मिश्र वाक्य. दोन्ही ठेवलं तर दोन्हीही नाही. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ची तीच गत, कारण आपण बोलतानाही ‘पाऊस होता ना, म्हणून आलो नाही’ असं दोन्हीकडून बांधतो.

गंमत म्हणजे शाळेत आपण शिकतो ती मराठी व्याकरणाची चौकटच बऱ्याच अंशी इंग्रजीच्या मापानं शिवलेली आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं. त्या काळापासून मराठी व्याकरण लिहिणाऱ्यांसमोर एकीकडं संस्कृत आणि दुसरीकडं इंग्रजीचा साचा होता. केवल, मिश्र, संयुक्त हे तीन भाग इंग्रजीतल्या सिंपल, कॉम्प्लेक्स, कंपाऊंडला सरळ सरळ भिडतात. समान दर्जाची वाक्यं जोडणारी आपली उभयान्वयी अव्ययं घ्या : समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक. आणि, किंवा, पण, म्हणून. रेन आणि मार्टिनच्या ग्रामरमध्ये हेच चार प्रकार वेगळ्या क्रमानं बसलेत. त्यामुळं सातवी-आठवीत मराठीच्या तासाला हे चार शब्द ज्याला नीट कळले, त्याला इंग्रजीच्या तासाला नवीन असं काही नसतं. पण मराठीचं व्याकरण पाठ करायचं आणि इंग्रजीचं ‘सोडवायचं’, अशी आपली विभागणी. दोन तासांमधली घंटा झाली की मूल हे विसरतं, आणि खरं सांगायचं तर शिक्षकही विसरतात.

ज्या रेननं पिढ्यान्‌पिढ्यांना कॉन्जंक्शन शिकवली, तो पी. सी. रेन कादंबरीकारही होता. मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात होता, कराचीच्या शाळेचा हेडमास्तर होता, आणि १९२४ साली फ्रान्सच्या परदेशी पलटणीवर त्यानं ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिली, तिच्यावर पुढं सिनेमे निघाले. व्याकरणाचं पुस्तक साहसकथा लिहिणाऱ्याच्या हातचं आहे, हे सांगितलं की मुलं त्या जाडजूड पुस्तकाकडं जरा आदरानं बघतात.

व्याकरणाची चौकट अशी, आणि स्वल्पविराम, अर्धविराम तर मराठीत अलीकडचे पाहुणे. मोडी लिहिणारा आधी रेघ ओढायचा आणि तिच्याखाली अक्षरं ओळीनं सोडत जायचा. शब्दही तोडायचा नाही, मग कॉमा कुठला. मराठीत विरामचिन्हं रुजवली मेजर थॉमस कँडी यांनी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हात असलेले तेच कँडी. विरामचिन्हांवरचं त्यांचं पुस्तक १८५० चं. म्हणजे जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा संसार. इंग्रजीत अर्धविराम, म्हणजे सेमिकोलन, येतो तो इटलीतून : पंधराव्या शतकाच्या अखेरीला व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशिअसच्या छापखान्यात तो पहिल्यांदा छापला गेला.

हे सेमिकोलन-पुराण एवढ्याचसाठी, की जोडशब्द न वापरता दोन पुरी वाक्यं जोडायची तर शिस्तीच्या इंग्रजीत तोच लागतो. नुसता कॉमा पुरत नाही. मराठीत ‘आला, बसला, जेवला, निघून गेला’ हे झकास वाक्य आहे, स्वल्पविरामांवर छान चालतं. इंग्रजीत ‘द बस केम, वी गॉट इन’ लिहिलं की तपासनीस त्याला कॉमा स्प्लाइस म्हणतो आणि गुण कापतो. तिथं पूर्णविराम द्या, सेमिकोलन द्या, नाहीतर कॉमाच्या जोडीला ‘अँड’ द्या. सगळ्यांत फसवा शब्द ‘हाउएव्हर’. अर्थ ‘बट’चाच, म्हणून मुलं त्याला ‘बट’च्या जागी कॉमा देऊन बसवतात. पण तो जोडशब्द नाही, क्रियाविशेषण आहे. वाक्यं जोडायची त्याला ताकद नाही. खूण सांगते. ‘हाउएव्हर’ वाक्यात सुरुवातीला, मध्ये, शेवटी कुठंही सरकवता येतो. ‘बट’ला जागचा हलवून दाखवा! जो हलतो तो जोडत नाही. ‘देअरफोर’चंही तसंच.

क्लासमध्ये हल्ली ‘फॅनबॉइज’ नावाचा मंत्र शिकवतात : फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो, यांची आद्याक्षरं. पाठांतराला बरा आहे, पण सात शब्दांना एका रांगेत बसवतो, आणि ते एका रांगेतले नाहीत. ‘कारण’ या अर्थाचा ‘फॉर’ आज बोलण्यात सहसा कुणी वापरत नाही, तो जुन्या गोष्टींत राहिला. ‘नॉर’ वापरला की पुढचं वाक्य प्रश्नासारखं उलटावं लागतं : ‘ही डिड नॉट राइट, नॉर डिड ही फोन.’ हे उलटणं चुकलं की सगळं चुकलं, आणि नेमकं ते मंत्रात नाही. ‘येट’ आणि ‘सो’च्या आधी ‘अँड’ लागू शकतो. ‘अँड येट’, ‘अँड सो’ रोज ऐकू येतं. ‘अँड बट’ कधी ऐकलंय? हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणात असल्या कसोट्या लावून ‘अँड’, ‘ऑर’, ‘बट’ हे अस्सल जोडशब्द आणि ‘येट’, ‘सो’ काठावरचे, असा निवाडा आहे. मला तो पटतो. तीन शब्द नीट वापरता आले तर सात पाठ करायची घाई नको.

वाक्याची सुरुवात ‘अँड’ किंवा ‘बट’नं करायची नाही, हा शाळेतला आणखी एक दंडक. त्याला आधार नाही. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइलसारखी संपादकांची पोथीसुद्धा ते चालवून घेते. परीक्षेत मात्र तपासणारा कोण असेल ते सांगता येत नाही, तेव्हा तिथं जपून.

मला सगळ्यांत आवडणारं संयुक्त वाक्य म्हणजे आज्ञार्थाचं. ‘हरी अप, ऑर यू विल मिस द बस.’ दिसायला दोन वाक्यं आणि ‘ऑर’, पण आत दडलीय अट : लवकर चल, नाहीतर एसटी चुकेल. ‘वर्क हार्ड, अँड यू विल पास.’ अभ्यास कर, म्हणजे पास होशील. इथला ‘अँड’ बेरीज करत नाही, ‘केलंस तर’ असं म्हणतो. आई दिवसभर मराठीत जी वाक्यं बोलते त्यांतली निम्मी याच साच्यातली असतात, म्हणून सतरंजीवरच्या आयांना हे पोरांच्या आधी येतं. ‘टच दॅट फोन, अँड आय विल टेल युअर फादर’ हे वाक्य त्यांतल्या एकीनं स्वतः तयार केलं. ‘फोनला हात लाव’ असं तोंडानं म्हणायचं आणि अर्थ ‘खबरदार’ असा! व्याकरण आणि धाक एकाच वाक्यात.

एवढासा ‘अँड’ माणसाला तुरुंगात किती ठेवतो, याचंही उदाहरण आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये पल्सिफर खटल्यात निकाल दिला. २०१८ च्या एका कायद्यानं अमली पदार्थांच्या काही गुन्हेगारांना सक्तीच्या किमान शिक्षेतून सूट मिळू शकत होती. अट अशी, की आरोपीच्या नावावर ‘अ, ब आणि क’ नसावेत. तिन्ही म्हणजे आधीच्या गुन्ह्यांची ठरावीक वर्गवारी. पल्सिफरच्या नावावर अ आणि ब होते, क नव्हता. त्याचा वकील म्हणाला, तिन्ही एकत्र असतील तरच सूट जाते, इथं तर दोनच आहेत. सरकार म्हणालं, तिन्हींपैकी एकही नसायला हवा. नऊ न्यायमूर्ती सहा विरुद्ध तीन असे फुटले आणि सरकारचं म्हणणं टिकलं. या वाक्यातला ‘अँड’ पुरी वाक्यं जोडत नव्हता, पण मुद्दा तोच : नकार आला की ‘आणि’ दोन तोंडांनी बोलतो. ‘डॉक्टरांनी तेलकट, तिखट आणि आंबट खाऊ नका म्हणून सांगितलंय’ असं म्हणून घरी आलेला माणूस नुसतं तेलकट आणि तिखट मागायला लागला, तर घरची माणसं काय म्हणतील? न्यायालयानं साधारण तेच म्हटलं.

‘अँड’ची बदनामी मात्र मला करायची नाही. हेमिंग्वेनं ‘अँड’वर ‘अँड’ लावत पानंच्या पानं लिहिली, आणि त्यातून समुद्र, कोळी आणि मासा डोळ्यांपुढं उभे राहतात. पु. ल. देशपांड्यांनी त्याची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही कादंबरी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणली. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचण्यासारखा इंग्रजीचा दुसरा अभ्यास नाही. हेमिंग्वेचा ‘अँड’ ठरवून आलेला असतो. आमच्या पोरांचा सुचलं नाही म्हणून येतो.

आणि सुचणार कसं? आपल्या प्रश्नपत्रिका वाक्य देतात आणि आज्ञा करतात : कंपाऊंड करा, कॉम्प्लेक्स करा, ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ वापरा. ‘सीता सिंग्ज अँड डान्सेस’ हे सुटसुटीत वाक्य मोडून ‘सीता नॉट ओन्ली सिंग्ज बट ऑल्सो डान्सेस’ करायचं, का, ते विचारायचं नाही. खरं तर दोन्हींत फरक आहे. दुसऱ्या वाक्यात सांगणाऱ्याला गाण्यापेक्षा नाचण्याचं कौतुक जास्त आहे. हा फरक विचारणारा प्रश्न मी पेपरात कधी पाहिला नाही. साच्यातून वाक्य काढलं की गुण. बारावीपर्यंत हेच करून आलेला मुलगा मुलाखतीला बसतो, ‘गावाकडं राहून तयारी कशी केलीस?’ असं विचारल्यावर बिचारा चार तुटक वाक्यं बोलतो आणि गप्प होतो. शब्द त्याच्याकडं असतात, वाक्यंही असतात. ‘लायब्ररी नव्हती, पण मोबाइल होता, वीज जायची, म्हणून पहाटे उठायचो’ ही सांधणी त्याच्याकडून कुणी करून घेतलेली नसते.

तेव्हा घरी अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांना माझं सांगणं एवढंच. गाइडमधली वाक्यं बाजूला ठेवा. आजच्या दिवसातल्या दोन खऱ्या गोष्टी मुलाला मराठीत सांगायला लावा. मग विचारा : या दोन गोष्टींचं एकमेकींशी काय? दुसरी पहिलीमुळं झाली, पहिलीला छेद देऊन झाली, का नुसतीच तिच्यानंतर झाली? हे उत्तर त्याला मराठीत नीट देता येईपर्यंत इंग्रजी वही उघडू देऊ नका. ते आलं की ‘सो’, ‘बट’, ‘अँड’ निवडायला त्याला बाईही लागणार नाहीत आणि क्लासही.